हाफ इंजिन : घरी काय करावे, लेथवर काय सोडावे

पौड, पिरंगुट, ताम्हिणी या मुळशीच्या पट्ट्यात कापडाचे गठ्ठे बांधून फिरणाऱ्या लहान व्यापाऱ्याची मोटारसायकल म्हणजे त्याचे चालते दुकानच. ती एक दिवस बंद राहिली की त्या दिवसाची रोजी बुडते. आठवडे बाजार चुकला तर सगळा आठवडाच कोरडा जातो.

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या शंभर सीसी गाडीतून निळा धूर येऊ लागला. एका मेकॅनिकने काही न उघडताच फैसला दिला, "फुल इंजिन करावे लागेल." मन मानेना. दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने हेड उघडून दाखवले, तर व्हॉल्व्हची रबरी सीले कडक झाली होती. दोन सीलांची किंमत आणि फुल इंजिनाचा खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्या दिवसापासून मी त्याच्याजवळ बसून हे काम शिकलो. कापडाचा माणूस शिकू शकतो, तर हातात हुन्नर असलेल्या आपल्या कारागीर बांधवांना ते मुळीच जड नाही.

हाफ इंजिन म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन व रिंगा. खालचा क्रँक उघडला की ते फुल इंजिन.

आधी रोग ओळखा

सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा सीले गेली. वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल तर रिंगा किंवा ब्लॉक झिजला. धूर काळा असेल तर इंजिन उघडू नका; एअर फिल्टर व कार्बोरेटर पाहा. किक हलकी पडत असेल तर प्रथम टॅपेट तपासा, त्याला पैसे लागत नाहीत. खालून टकटक आवाज येत असेल तर कनेक्टिंग रॉडचा संशय घ्यावा. ते घरचे काम नव्हे.

उघडताना

हिरो होंडाची सीडी १०० (१९८५) आणि स्प्लेंडर (१९९४) या गाड्यांचा ब्लॉक आडवा असतो. त्यामुळे इंजिन चौकटीतून न उतरवता हेड व ब्लॉक निघतो. इंजिन पूर्ण थंड हवे, पेट्रोलचा कॉक बंद हवा, जवळ विडी-काडी नको. मॅग्नेटवरील 'टी' ची खूण जुळवून, दोन्ही टॅपेट सैल आहेत हे पाहूनच कॅमची चक्री सोडावी. टायमिंग चेन तारेने बांधावी, नाहीतर ती आत पडते. पिस्टनचे लॉक काढण्यापूर्वी क्रँककेसचे तोंड कापडाने बंद करावे. येथे माझ्या धंद्याचा सल्ला : धागे सुटणारी चिंधी नको, घट्ट विणीचे स्वच्छ पॉपलीन घ्या.

माप लेथवाल्याचे

खोलणे-जोडणे घरी, पण माप आणि बोअर लेथवर. या गाड्यांचा मूळ बोअर ५० मिमी. झीज डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोमीटर व बोअर गेजलाच कळते. नुसत्या नव्या रिंगा घालून झिजलेला ब्लॉक सुधारत नाही. थोड्याच दिवसांत धूर परत येतो. पुढचे पिस्टन पाव-पाव मिमीने मोठे असतात. आधी पिस्टन घ्यावा, मग त्याच्या मापाने ब्लॉक बोअर करावा. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात; पक्के बिल मागावे, स्वस्ताच्या मोहात पडू नये.

जोडताना

पॅकिंग व पिस्टनची लॉके नेहमी नवी. रिंगेवरील अक्षर वर, आणि रिंगांची तोंडे एका रेषेत नकोत. हेडचे नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातील मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. जोर लावणारे हात अॅल्युमिनियमचे आटे खातात आणि वाचवलेले पैसे तेथेच जातात. किक मारण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून टायमिंगची खूण पुन्हा पाहावी. बोअर केल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवावी, ताम्हिणीच्या चढावर ओझे नेऊ नये आणि ऑइल लवकर बदलावे.

एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस ६ गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन व सेन्सर आहेत. शिवाय गॅरंटीतली गाडी घरी उघडली तर हक्क जातो. त्या गाड्यांना घरी हात लावू नये.

प्रत्येकाने मेकॅनिक व्हावे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या यंत्रावर घरची चूल चालते, त्याचा रोग मालकाला कळला पाहिजे. कापड घेताना आपण ताणा-बाणा बोटाने तपासतो. मग इंजिनाचे बिल डोळे मिटून का द्यावे?