गरम पाण्याचा टब : पाणी उभे राहिले की...

परवा देवपुरातले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. कंबरेभोवती, मांड्यांवर आणि बसण्याच्या जागी लालसर, खाजणारे पुरळ. काहींच्या टोकाला पू धरलेला. घरात कांजिण्या कोणाला नाहीत, नवे औषध नाही, साबणही जुनाच. दोन दिवसांनी त्यांच्या मुलालाही तसेच पुरळ उठले. तेव्हा सहज विचारले, ‘गुरुजी, आंघोळीत काही बदल?’ गुरुजी जरा लाजले. ‘मुलाने टब आणला ना!’

गुरुजींचे गुडघे जुने दुखणारे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, तिथे गोमुखातून गरम पाणी वाहते. तिथल्या आंघोळीने त्यांना बरे वाटायचे. आता प्रवास झेपत नाही, म्हणून मुलाने फुगवायचा टब घरीच आणला. आठशे लिटर पाणी, तापवायला हीटर, वर बुडबुडे सोडणारा पंप.

‘पाणी कधी बदलले?’

‘डॉक्टर, आठशे लिटर पाणी ओतून द्यायला हात धजत नाही. तीन आठवडे झाले, पण स्वच्छच दिसते.’

‘आणि क्लोरीन?’

‘पहिल्या दिवशी टाकले. मग वास यायला लागला म्हणून बंद केले.’

गुरुजींना दोष कसा द्यावा? ज्या गावाने वर्षानुवर्षे नळाची वाट पाहत हौद, टाक्या आणि पिंपे भरून ठेवली, त्या गावच्या माणसाला पाणी ओतणे म्हणजे पापच वाटणार. पण उनपदेवचे पाणी आणि टबातले पाणी यांत मोठा फरक आहे. तिथे पाणी अखंड वाहते. जुने जाते, नवे येते. टबात तेच पाणी उभे राहते, आणि त्यात रोज अंगाचा घाम, तेल, मृत त्वचा उतरते. वर तापमान ३५ ते ४० अंश, म्हणजे जंतूंना पाहुणचारच म्हणायचा.

गुरुजींच्या पुरळामागे स्युडोमोनास नावाचा जंतू असावा. हा केसांच्या मुळाशी शिरतो. ओले कपडे अंगाला चिकटून राहतात तिथे पुरळ जास्त उठते. निरोगी माणसाचे ते आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआप बसते. मात्र मधुमेह असेल, ताप आला, पुरळ पसरू लागले, तर घरगुती लेप लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

याहून गंभीर जंतू लिजिओनेला. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते, तिथे न्यूमोनियाची साथ उठली तेव्हा हा जंतू प्रथम ओळखला गेला. तो पोटातून नव्हे, श्वासातून येतो. गरम पाण्याच्या बारीक तुषारांवर बसून फुप्फुसात उतरतो. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तिथे विक्रीसाठी बुडबुड्यांचा एक टब चालू ठेवला होता. लोक फुले बघत त्याच्या जवळून गेले, एवढेच. त्या साथीत किमान ३२ माणसे दगावली. वयस्कर, धूम्रपान करणारे आणि फुप्फुसाचे रुग्ण यांना धोका जास्त. टब वापरल्यानंतर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर टबाचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करावा. आम्ही विचारतोच असे नाही.

आता वासाविषयी. टबाजवळ तिखट वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाले. बहुधा उलटे असते. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे संयुग होते, त्याचा तो वास. म्हणजे जंतूंशी लढायला क्लोरीन उरलेले नाही. गुरुजींनी नेमके नको तेव्हा औषध बंद केले.

टबाच्या पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम असावे, आणि सामू, म्हणजे आम्ल-अल्कली प्रमाण, ७ ते ७.८ च्या दरम्यान. पिण्याच्या नळाच्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पुरते. यावरून फरक लक्षात येईल. गरम पाण्यातून आणि बुडबुड्यांमुळे क्लोरीन भराभर उडते, म्हणून टबात उतरण्यापूर्वी दर वेळी तपासणीच्या पट्टीने पाहावे. पट्टीचा रंग डब्यावरच्या रंगाशी जुळवायचा, दोन मिनिटांचे काम. ब्लीचिंग पावडर वापरायची तर ताजी हवी. उघड्या पुडीतली पावडर दमट हवेत निकामी होते. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकावे. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत सायन्युरिक आम्ल असते, त्याने क्लोरीनचे काम मंदावते. त्या टबात नकोत. आणि ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडशी कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि माणूस न्हाणीघरातच कोसळतो.

पाणी किती दिवसांनी बदलावे? अमेरिकेत गॅलनचा एक हिशेब चालतो, तो आपल्या लिटरमध्ये असा बसतो : टबातल्या लिटरांना १२ ने भागा, मग रोज उतरणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. आठशे लिटर आणि दोन माणसे, तर सुमारे ३३ दिवस. मात्र ही मुदत क्लोरीन रोज ठीक राखणाऱ्यालाच. क्लोरीन संपलेले पाणी तीन दिवसांचे असले तरी ओतायचेच. रिकाम्या टबाच्या भिंतीवर हात फिरवा. हौदाला धरतो तसा बुळबुळीत थर लागेल. त्यात जंतू दडून राहतात, म्हणून घासून काढावा. गाळणीची कागदी नळीही धुवावी, वेळेवर बदलावी. ओतायचे पाणी वाया जात नाही. क्लोरीन न टाकता एक-दोन दिवस टब उघडा ठेवला की ते उडून जाते. मग अंगणात, संडासात, झाडांना चालते. मात्र त्याहून जास्त दिवस उघडे ठेवू नका, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो.

टबात शिरण्याआधी साबण लावून आंघोळ करावी, म्हणजे क्लोरीन घामावर खर्च होत नाही. पाणी ४० अंशांवर नको आणि पंधरा मिनिटांहून जास्त बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना चक्कर येते. कोणीतरी जवळ असावे. गरोदर बायकांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी उतरूच नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाणी दुसऱ्याच्या हाताने पाहावे, स्वतःच्या पायाने नव्हे. भाजलेले कळत नाही.

ज्यांच्याकडे टब नाही, त्यांच्या गच्चीवर सोलर असतोच. पावसाळ्यात त्याचे पाणी कोमट राहते आणि गावाहून परत येईपर्यंत तसेच पडून असते. परतल्यावर शॉवर एकदम डोक्यावर घेऊ नये. पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे, मग न्हाणीघराबाहेर उभे राहून थोडे वाहू द्यावे. अंगावर घेताना अर्थातच थंड पाणी मिसळून.

गुरुजींचे पुरळ आठव्या दिवशी बसले. टबाचे पाणी दोन दिवस उघडे राहून अंगणातल्या लिंबाला गेले. गुडघ्यांसाठी म्हणाल तर पूर्ण अंग बुडवायची गरजच नव्हती. गरम पाण्याची पिशवी आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम पुष्कळ काम करतो. सध्या टब माळ्यावर आहे. दिवाळीत मुलगा तपासणीच्या पट्ट्या घेऊन येणार आहे. तोवर गुरुजी रोज संध्याकाळी घंगाळात पाय सोडून बसतात, आणि ते पाणी रोज बदलतात.