सरासरीइतका पाऊस आणि घरात गुडघाभर पाणी

आज पावसाच्या आकड्यांबद्दल बोलू. निमित्त आहे साताऱ्याहून आलेला ताईचा फोन. जानेवारी 2024 मधली गोष्ट. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस 'सामान्य' झाला, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. म्हणाली, "अरे, पाऊस सामान्य झाला म्हणतात, मग तुझ्या घरात गुडघाभर पाणी शिरलं कसं?"

निवृत्तीनंतर मी चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला राहतो. डिसेंबर 2023 च्या सुरुवातीला मिचौंग चक्रीवादळ किनाऱ्याजवळून सरकलं तेव्हा खाडीचं पाणी वस्तीत आलं, आणि त्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. भिंतीवरची काळी रेघ दोनदा रंग देऊनही पुसट दिसतेच. तरी ताईनं वाचलेला आकडा खोटा नव्हता. तो फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता.

आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर. तमिळनाडूला वर्षातला जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मिळतो, आणि राज्याची या तीन महिन्यांची सरासरी सुमारे 44 सेंटीमीटर आहे. हवामान खातं यंदाचा पाऊस घेतं, त्यातून सरासरी वजा करतं, उरलेल्याला सरासरीनं भागून शंभरनं गुणतं. उत्तर उणे 19 ते अधिक 19 टक्क्यांच्या आत आलं की 'सामान्य'. म्हणजे राज्यात 36 सेंटीमीटर पडला तरी सामान्य, 52 पडला तरी सामान्यच. शाळेत 36 आणि 52 मार्कांना एकच शेरा मिळाला असता, तर माझं बालपण बरंच सुखात गेलं असतं.

2023 मध्ये काय झालं पाहा. राज्यात ऑक्टोबर चाळीस टक्क्यांहून अधिक तुटीत गेला. मग डिसेंबरात आधी चेन्नईवर मिचौंग आलं, आणि 17-18 तारखेला दक्षिणेला तुतुकुडी जिल्ह्यातल्या कायलपट्टिनमला चोवीस तासांत सुमारे 95 सेंटीमीटर पाऊस झाला. अख्ख्या राज्याच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, एका गावात, एका दिवसात! कोरडा ऑक्टोबर आणि हे दोन्ही पूर एकाच बेरजेत गेले आणि उत्तर आलं 'सामान्य'.

आणखी एक गंमत. 2015 साली, चेन्नई बुडाली त्या वर्षी, राज्यात या हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा साधारण 50 टक्के जास्त होता. पुढच्याच वर्षी तो 62 टक्के कमी. दोन्ही वर्षांची बेरीज करून दोननं भागा: सरासरीपेक्षा थोडा कमी, बस्स. एका वर्षी लोक गच्चीवर होते, दुसऱ्या वर्षी पिकं करपली.

सरासरी कोणत्या वर्षांची, हेही विचारावं. देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची सरासरी पूर्वी 88 सेंटीमीटर धरत. 2022 मध्ये 1971 ते 2020 हा नवा काळ आधाराला घेतला आणि ती 87 झाली. पाऊस तोच, टक्केवारी मात्र एका अंकानं सुधारली. तारखांचंही तसंच. जानेवारी 2021 मध्ये तमिळनाडूत धो धो पाऊस झाला, पण हंगामाचं खातं 31 डिसेंबरलाच बंद झालेलं असतं.

हा धडा मी खरं तर बर्फात शिकलो होतो. उत्तरेतल्या एका ठाण्यावर आम्ही रोज सकाळी खुणा केलेल्या काठीवर बर्फाची उंची वाचायचो. ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहा सेंटीमीटर वितळला की एक सेंटीमीटर पाणी होतं. दाबून बसलेल्या बर्फाचं गणित निराळं, त्यामुळे नुसत्या उंचीवर भरवसा नसे. एका हिवाळ्यात फेब्रुवारीपर्यंत बर्फ कमीच होता, वहीत तसं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मग दोन रात्रींत इतका पडला की नऊ दिवस वाट बंद. हंगामाची बेरीज शेवटी सरासरीच्या खालीच राहिली. रॉकेल मात्र आम्ही पेल्यानं मोजून वापरलं.

एन्नोरला तर स्वतःच्या अंगणातला पाऊस मोजूनही भागत नाही. कोसस्थलैयार नदी इथं समुद्राला मिळते. वर पूंडीचं धरण भरलं की जादा पाणी याच नदीत सोडतात. त्यात समुद्राला भरती असेल आणि खाडीचं तोंड वाळूनं अडलेलं असेल, तर पाणी जाणार कुठं? आमच्याकडे ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं.

म्हणून आता मी सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, गच्चीवरचं पर्जन्यमापक वाचतो आणि वहीत तीन गोष्टी लिहितो: आजवरची बेरीज आणि आजच्या तारखेपर्यंतची सरासरी, हंगामातला सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस, आणि पूंडीतून सोडलेलं पाणी. शेजारी भरतीची वेळ. यातली पहिली नोंद फोनवर सांगायला बरी. सामान माळ्यावर चढवायचं की नाही, ते मी उरलेल्या नोंदींवरून ठरवतो.

पुढच्या ऑक्टोबरात ताईचा पुन्हा फोन आला. मी उत्साहानं सगळे आकडे वाचून दाखवले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे. पलंगाच्या पायांखाली विटा लावल्यास का?"