जुन्या इंजिनाला ब्लोअर : काम घेण्यापूर्वी हिशेब करा

पनवेलला गाड्यांचा धंदा नवा नाही. १८३० साली बोरघाटातून पक्का रस्ता झाला आणि घाटावरच्या मालाची पनवेलकडे ये-जा वाढली. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, या गावाचा मुख्य उद्योग बैलगाड्यांची चाके बनवण्याचा होता आणि घाटावरून आलेली गाडी परतताना इथल्या नव्या चाकांची जोडी घेऊन जाई. पुढे बैलगाड्या गेल्या, मोटारी आल्या. हुनर मात्र राहिले. त्या हुनरावर पोट असलेल्या आमच्या मिस्त्री, टर्नर आणि वेल्डर बांधवांसाठी आज एका खास कामाची माहिती देत आहोत. ते काम म्हणजे जुन्या मोटारीच्या इंजिनाला जुन्या काळचा सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, बसवणे.

साधे इंजिन स्वतःच्या ओढीने हवा घेते. ब्लोअर ती हवा पट्ट्याच्या किंवा गिअरच्या जोरावर आत ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेले दोन रोटरचे यंत्र पुढे मोटारीच्या कामी आले. मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ब्लोअरच्या गाड्या मांडल्या. इंग्लंडमध्ये शोरॉक आणि मार्शल हे ब्लोअर एमजीसारख्या लहान गाड्यांना बसवले जात.

आपल्याकडे या कामाला सर्वांत जवळचे इंजिन अॅम्बॅसॅडरचे आहे. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि इंग्लंडच्या एमजीए १५०० गाडीचे इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातले. म्हणून एमजीएसाठी बनलेला ब्लोअर अॅम्बॅसॅडरला बसेल, असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा ते अगदीच हवेत बोलत नसते. परंतु बसणे वेगळे आणि टिकणे वेगळे.

आता हिशेब पाहू. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते. म्हणजे १४८९ सीसीचे इंजिन एका फेरीत सुमारे ७४५ सीसी हवा घेते. समजा, ब्लोअर आपल्या एका फेरीत १००० सीसी हवा ढकलतो आणि दोन्ही पुली सारख्या आहेत. म्हणजे इंजिनाला सुमारे एक तृतीयांश हवा जास्त मिळाली. गळती आणि उष्णतेमुळे प्रत्यक्षात थोडी कमीच मिळते. पण ब्लोअरची पुली लहान करून तो वीस टक्के जोरात फिरवला, तर तीच वाढ साठ टक्क्यांवर जाते. इंजिनाचे कॉम्प्रेशन ७.२ असेल तर पहिल्या हिशेबाने सिलिंडरमध्ये साडेनऊसारखा दाब पडतो, दुसऱ्याने साडेअकरासारखा. लेथवर पुली उतरवायला फार वेळ लागत नाही. पिस्टन फुटायला त्याहून कमी लागतो. म्हणून गिऱ्हाइकाने 'अजून थोडा जोर' मागितला तरी पुलीचा आकार हिशेबानेच ठरवावा.

ब्लोअर हाती आला की आधी हाताने फिरवून पाहा. रूट्स पद्धतीत दोन रोटर एकमेकांना किंवा कवचाला घासता कामा नयेत. फट फीलर गेजने चारी बाजूंनी मोजा. खोलण्यापूर्वी दोन्ही गिअरवर खुणा करा. एक दात चुकला तरी रोटर एकमेकांवर आदळतील. शोरॉक पद्धतीत पात्या असतात आणि त्यांना मोजके तेल लागते. तेलाची नळी बंद पडली तर यंत्र जाम होते. तेल जास्त गेले तर प्लग काळे पडतात. बेअरिंगवरचा नंबर वाचून तेच माप बाजारात शोधावे. कवचावर खोल ओरखडे असतील तर तो ब्लोअर कपाटात शोभेला ठेवण्याच्याच लायकीचा, हे स्पष्ट सांगावे.

त्यानंतर इंजिनाकडे वळा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर मोजा. या १४८९ सीसी इंजिनाच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग असतात, हे विसरू नका. रिंगा, बेअरिंग किंवा हेड थकलेले असेल तर आधी इंजिनाचे काम, मग ब्लोअर. कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी असेल तर मॅनिफोल्डमध्ये पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. बॅकफायर झाल्यास तो दाब बाहेर पडावा म्हणून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवाच. थंड जातीचे प्लग घाला, जेट मोठे करा, इग्निशन थोडे मागे घ्या. इंजिनातून ठोके ऐकू आले तर लगेच पाय उचला.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खराब करते. शिवाय जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते आणि ब्लोअरखाली पातळ मिश्रण म्हणजे जळालेला पिस्टन. नळ्या बदलणे आणि जेट नव्याने जुळवणे हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. ब्लोअरमुळे हा दर्जा अडचणीत येऊ शकतो. म्हणून मालकाने आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि तो कागद पाहूनच कारागिराने पाना हातात घ्यावा. मूळ मॅनिफोल्ड, कार्बोरेटर आणि पुली डब्यात घालून, यादी करून मालकाला परत द्याव्यात. इंजिनाच्या ब्लॉकला नवे भोक पाडू नये. गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता आली पाहिजे.

१९३० च्या ल मां शर्यतीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. बेंटलीच्या ब्लोअर गाड्या तिथे जोरात धावल्या, पण शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. जिंकली ती ब्लोअर नसलेली बेंटली स्पीड सिक्स. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा आपल्या इंजिनाला ब्लोअर लावण्यास पहिल्यापासून विरोध होता.

बांधवांनो, असे काम क्वचितच येते आणि त्यात मेहनतानाही चांगला मागता येतो. पण भाव सांगताना फक्त बसवण्याचा सांगू नका. तपासणी, इंजिनाची दुरुस्ती, कंस आणि पुली बनवणे, जुळवाजुळव आणि घाटातली चाचणी यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्या. तपासणीचे पैसे आधी घ्या. इंजिन पेलणारे नसेल तर तपासणीचे बिल घेऊन काम नाकारा. लोकांची जुनी गाडी ही आपल्या हाती दिलेली अमानत असते. नाकारलेले एक काम दहा गिऱ्हाइकांचा भरवसा मिळवून देते; फुटलेले एक इंजिन तोच भरवसा घालवते.