कबूल केलेला बोनस आणि परदेशी मालक

पगार हा कामाचा ठरलेला मोबदला असतो. बोनस, कमिशन किंवा कंपनीचे समभाग या रूपांत मिळणारा प्रोत्साहनपर मोबदला मात्र नफा, कामगिरी आणि व्यवस्थापनाचा निर्णय यांवर अवलंबून ठेवलेला असतो. तो द्यावा की नाही आणि किती द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक करारांत कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. यालाच विवेकाधिकार म्हणतात. कर्मचारी एका देशात आणि मालक कंपनी दुसऱ्या देशात असेल, तर थकलेली रक्कम कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या कायद्यानुसार मागायची, हा प्रश्नही त्यात मिसळतो. लंडनमधील 104 बँक कर्मचाऱ्यांनी जर्मनीच्या कॉमर्झबँकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात या प्रश्नांचा चांगलाच कस लागला.

हे कर्मचारी ड्रेस्डनर क्लाइनवॉर्ट या गुंतवणूक बँकेत काम करत होते. ही बँक जर्मनीतील ड्रेस्डनर बँकेचा भाग होती आणि ड्रेस्डनर बँकेची मालकी 2001 पासून अलियान्झ या विमा कंपनीकडे होती. 2008 मध्ये बँक विकली जाणार अशी चर्चा पसरली आणि अनुभवी माणसे बँक सोडतील अशी भीती व्यवस्थापनाला वाटू लागली. त्यांना थोपवण्यासाठी 18 ऑगस्ट 2008 रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी स्टेफान येन्च यांनी कर्मचाऱ्यांच्या सभेत किमान 40 कोटी युरोंच्या बोनस निधीची हमी जाहीर केली आणि हे भाषण बँकेच्या अंतर्गत संगणक जाळ्यावरूनही ऐकवले गेले. प्रत्येकाचा वाटा नंतर ठरायचा असला, तरी निधीचा किमान आकडा पक्का सांगितला गेला होता. महिनाअखेरीस कॉमर्झबँकेने खरेदीची घोषणा केली, सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि पुढे खुद्द कॉमर्झबँकेलाच जर्मन सरकारच्या आर्थिक मदतीवर उभे राहावे लागले.

19 डिसेंबर 2008 रोजी कर्मचाऱ्यांना त्यांच्या बोनसची तात्पुरती रक्कम कळवणारी पत्रे मिळाली, पण बँकेच्या उत्पन्नात अंदाजापेक्षा आणखी मोठी घसरण झाल्यास फेरविचार करण्याची मुभा देणारी अट त्यात नव्याने घातलेली होती. जानेवारी 2009 मध्ये खरेदी पूर्ण झाली आणि फेब्रुवारीत याच अटीवर बोट ठेवून पत्रांतील रकमा 90 टक्क्यांनी कमी करण्यात आल्या. म्हणजे ज्याला एक लाख युरो कळवले होते, त्याच्या हाती दहा हजार पडले.

मालक जर्मन असूनही दावा लंडनमध्ये चालू शकला, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता आणि संघाच्या 2001 च्या नियमानुसार कर्मचाऱ्याला नियोक्त्याच्या देशात किंवा स्वतः नेहमी काम करतो त्या ठिकाणी दावा दाखल करता येत असे. बँकेचे म्हणणे असे की सभेतील भाषण हा करार नव्हता. त्यातून कायदेशीर बांधिलकी पत्करण्याचा हेतू दिसत नव्हता आणि कर्मचाऱ्यांनी त्याबदल्यात नवे काही दिलेही नव्हते. इंग्लिश कायद्यानुसार करार बंधनकारक ठरायला अशा मोबदल्याची, म्हणजे प्रतिफलाची, आवश्यकता असते. 9 मे 2012 रोजी न्या. ओवेन यांनी कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 26 एप्रिल 2013 रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. माणसे टिकवण्यासाठी जाणीवपूर्वक दिलेली हमी बंधनकारक ठरली आणि डिसेंबरच्या पत्रातील अट घालणे हा नियोक्ता व कर्मचारी यांच्यातील परस्पर विश्वासाच्या अध्याहृत अटीचा भंग मानला गेला. अध्याहृत अट म्हणजे करारात लिहिलेली नसली तरी कायद्याने त्यात गृहीत धरलेली अट. दाव्यातील एकूण रक्कम सुमारे 5 कोटी युरोंच्या घरात होती.

सरकारी मदतीवर तगलेल्या बँकेतील अधिकाऱ्यांना बोनस मिळावा का, यावर तेव्हा जनमत संतप्त होते आणि त्या संतापाला आधारही होता; पण न्यायालयापुढचा प्रश्न बोनस शोभतो का हा नव्हता, तो कबूल केला होता का, एवढाच होता. हमीचा उपयोग विक्री पार पडेपर्यंत माणसे राखण्यासाठी झाला होता, आणि तिचा फायदा घेऊन झाल्यावर किंमत चुकवायच्या वेळी विवेकाधिकाराची आठवण काढता येत नाही, हे या निकालाचे मर्म आहे.

पुणे-मुंबईतील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही, कारण अनेकदा नियुक्तीपत्र भारतीय उपकंपनी देते, तर समभाग परदेशी मूळ कंपनी देते आणि त्या कराराला तिकडचाच कायदा लागू होतो. अशा वेळी एकाच नोकरीतून दोन वेगळे देणेकरी तयार होतात. निकाल मिळाल्यावरही अंमलबजावणीचा प्रश्न उरतो: भारतात मालमत्ता असलेल्या प्रतिवादीविरुद्ध ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44 अ नुसार, कलम 13 मधील अपवाद वगळता, येथील जिल्हा न्यायालयामार्फत अमलात आणता येतो, पण अमेरिका किंवा जर्मनीतील हुकूमनाम्यासाठी ही सोय नसल्याने त्याच्या आधारे येथे नव्याने दावा लावावा लागतो. म्हणूनच बोनसची रक्कम किती यापेक्षा ती देण्याचे कोणत्या कंपनीने, कोणत्या शब्दांत कबूल केले आणि त्या शब्दांना कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, हे करारावर सही करण्याआधी पाहणे कर्मचाऱ्याच्या अधिक हिताचे ठरते.