पानं वाढली, नियम तेच

गणपतीच्या मांडवात रात्र जागवायला बसलेली कोल्हापुरातली पोरं मेंढीकोटाची पानं वाटण्याआधी एवढंच विचारून घेतात : हुकूम बंद की कट? ते ठरलं नाही, तर पहिल्या दश्शीलाच वाद पेटणार हे नक्की.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांचा 'कोणते नियम धरायचे' हा वादही याच जातीचा, फक्त त्यांच्याकडे भांडायला पुस्तकं आहेत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन पुस्तिका एका खोक्यात घालून हा खेळ विकायला काढला. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं तिथं फासे टाकायचे. वर्षभरात पहिली पुरवणी आली, 'ग्रेहॉक'. खेळात चोराचं पात्र आलं ते तिच्यातून, आणि पुढं ते मूळ पुस्तकातच जाऊन बसलं. १९७६च्या चौथ्या पुरवणीत तर भारतातले देवही हजर झाले. कोण किती घाव सोसेल, याच्या आकड्यांसकट!

मग पुरवण्यांचा पूरच आला. नव्वदच्या दशकात हा खेळ काढणारी टीएसआर ही कंपनी एकेका काल्पनिक जगासाठी पुस्तकांमागून पुस्तकं काढत राहिली आणि तिचं गिऱ्हाईक त्या जगांमध्ये वाटलं गेलं. कारणं आणखीही होती, पण कर्जात रुतलेली ही कंपनी १९९७ मध्ये विकली गेली. नव्या मालकांच्या संघटित खेळात पुढं काही वर्षं 'मूळ पुस्तक अधिक एक' असा दंडक होता. पात्र घडवताना तिसरं पुस्तक उघडायचं नाही.

पुरवणी कशी असावी, याचं उत्तम उदाहरण मात्र आपल्याकडेच आहे. कोल्हापूरहून आजरामार्गे आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथली गंजिफा. हातानं रंगवलेली ही पत्त्यांची गोल पानं. बाबरानं १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात आठ रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण ९६. सावंतवाडीत याला चंगकांचन म्हणतात. दशावतारी गंजिफात रंग दहा, पानं १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, वामनाच्या पानांवर कमंडलू.

गंमत अशी, की एवढं वाढवूनही खेळ बदलला नाही. तिघांनीच खेळायचं, हुकूम नाही, निम्म्या रंगांत दहा मोठा तर निम्म्यांत एक मोठा. मुघल खेळात दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद या रंगाचा राजा ज्याच्या हाती, तो डाव सुरू करी. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. जुन्याच कलमात नवी नावं भरली, की झालं.

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वाडियार तिथं थांबले नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी गंजिफाचे एकाहून एक मोठे प्रकार रचले. त्यातल्या सर्वांत मोठ्यात अठरा रंग आणि ३६० पानं! राजाचा छंद म्हणून थोरच, पण असा डाव राजवाड्याबाहेर कोण मांडणार?

सावंतवाडीची कलाही विसाव्या शतकात जवळपास संपली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. राजवाड्यात आजही पानं रंगवली जातात. घेणारे बहुतेक जण ती भिंतीवर लावतात, हे खरं.

कुणाला खेळायचंच असेल, तर त्यानं आधी ९६ पानांचा मूळ संच घ्यावा, हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. हुकूम नसल्यामुळं गेलेलं प्रत्येक पान ध्यानात ठेवावं लागतं, तेव्हा कमी पानं बरी. पण चंगकांचनचे आठ रंग मराठी माणसाला नव्यानं घोकावे लागतात आणि दहा अवतार त्याला लहानपणापासून ओळीनं पाठ असतात. चोवीस पानं जास्त असूनही त्याला दशावतारीच लवकर येईल.