उलटलेला कर्करोग आणि यंत्राचा हात

मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ काढल्यानंतरही काही रुग्णांत रोग उलटतो. मूळ गाठीतून सुटलेल्या थोड्या पेशी पोटात, लसिकाग्रंथींत किंवा यकृतात दडून राहतात आणि कालांतराने वाढू लागतात. अशा वेळी नातेवाईक विचारतात, 'रोबोटने शस्त्रक्रिया केली तर?'

हा रोबोट नेमके काय करतो? वर्गात एक प्रयोग करून पाहा. खोक्याला भोक पाडून त्यातून विणकामाची सुई आत घाला. हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते. भोक हा टेकू आणि सुई ही तरफ. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हीच अडचण असते. भारतात दुर्बिणीने पित्ताशय प्रथम काढले ते डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी, १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. तेव्हापासून शल्यचिकित्सक ही उलटी हालचाल सरावाने आत्मसात करत आले आहेत.

रोबोटमध्ये ती संगणक सरळ करतो. शिवाय तो हाताची थरथर गाळतो. हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एकच सेंटिमीटर हलेल, अशीही सोय असते. टोकाला मनगटासारखा सांधा असतो. मात्र प्रत्येक हालचाल ठरवतो तो शल्यचिकित्सकच.

उलटलेल्या रोगात पोटाची स्थिती बदललेली असते. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटतात, अवयवांमधले नैसर्गिक पदर नाहीसे होतात, मूत्रवाहिनी व्रणात गुरफटते. गाठ एकाच जागी असेल तर निवडक रुग्णांत रोबोटचा उपयोग होतो. पुष्कळदा पोट उघडणेच सुरक्षित ठरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोलार' चाचणीत गुदाशयाच्या कर्करोगाचे ४७१ रुग्ण होते. दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के, तर रोबोटच्या गटात ८.१ टक्के रुग्णांचे पोट मध्येच उघडावे लागले. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान आहे. उलटलेल्या रोगाबाबतचा पुरावा तर याहून तोकडा आहे.

खरा प्रश्न गाठ कडेपर्यंत पूर्ण निघते का, हा आहे. आणि ते बरेचसे ती किती लवकर सापडते यावर अवलंबून असते. रोग उलटतो तो बहुतेक पहिल्या तीन वर्षांत. म्हणून या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी रक्तातील 'सीईए' हे प्रथिन मोजतात. गोल्ड आणि फ्रीडमन यांनी ते १९६५ साली शोधले. ते प्रत्येक रुग्णात वाढतेच असे नाही, म्हणून ठरावीक काळाने सीटी स्कॅन आणि आतड्याची दुर्बीण तपासणीही करावी लागते.

बीड जिल्ह्यात अडते ते इथेच. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती चार-पाच महिन्यांनी परततात. तेवढ्यात एक-दोन तपासण्या सहज हुकतात. दुखत नाही, मग कशाला खाडा करायचा, असे वाटते. पण गाठ लहान असते तेव्हा बहुधा दुखतच नाही. रक्ताचा नमुना कारखान्याजवळच्या गावातही देता येतो. त्यासाठी पुढची तारीख आणि तपासणीचे नाव माहीत हवे. घरात अशी फाईल असेल, तर ती वाचून एवढे दोन शब्द पाल्याच्या वहीत लिहून देणे शिक्षकाला सहज शक्य आहे. यंत्राचा हात कितीही कुशल असला तरी उशिरा सापडलेल्या गाठीपुढे त्याचे फारसे चालत नाही.