घड्याळाच्या पेटीत काय असते?

भारी किमतीचे मनगटी घड्याळ विकत घेतले, की दुकानदार ते नुसते कागदात गुंडाळून हातात देत नाही. आधी पुठ्ठ्याचे खोके निघते. त्याच्या आत दुसरे, जरा देखणे खोके. ते उघडले, की चकचकीत रोगण दिलेली लाकडी पेटी, आणि तिच्या आत मखमलीच्या किंवा मऊ चामड्याच्या छोट्या उशीला पट्ट्याने मिठी मारून बसलेले घड्याळ! कांदा सोलावा तसा हा प्रकार. वाटीभर जागेत मावेल अशा वस्तूसाठी पायलीभर पसारा.

यातला पुष्कळसा भाग थाटामाटाचा असतो, यात शंका नाही. पण पेटी बंद झाली, की आत घड्याळ एकटे नसते. त्याच्याबरोबर कोंडलेली हवा असते, त्या हवेतली वाफ असते, लाकूड, डिंक, कापड आणि रोगण यांतून निघणारे वायू असतात. ही सारी मंडळी महिनोन्‌महिने घड्याळाच्या सोबतीला राहतात. म्हणून पेटी चांगली असेल तर ती घड्याळाला सांभाळते, आणि वाईट असेल तर तीच त्याला खराब करते. पेटीची किंमत आणि तिचा हा गुण यांचा फारसा संबंध नसतो.

आधी घड्याळाकडे पाहू. आपली साधी घड्याळे आता क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर आणि बॅटरीवर चालतात. भारी स्विस घड्याळे मात्र अजूनही बहुतेक स्प्रिंगच्याच जोरावर चालतात. त्यांत एक छोटे तोलचाक असते. केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या स्प्रिंगमुळे ते पुढे-मागे झोके घेते. आजच्या पुष्कळ घड्याळांत हे चाक सेकंदाला ८ झोके घेते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० झोके. स्वित्झर्लंडमध्ये अशा घड्याळांची कसून परीक्षा होते. उत्तीर्ण होण्यासाठी घड्याळाने दिवसाला सरासरी ४ सेकंदांपेक्षा मागे किंवा ६ सेकंदांपेक्षा पुढे जाता कामा नये. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही परीक्षा किती कठीण आहे ते कळेल. आणि हे चाक ज्या आसावर फिरते त्याची टोके जेमतेम केसाएवढी जाड असतात. घड्याळ पडले, की सगळा भार त्या टोकांवर येतो.

किती भार येतो? याचा हिशोब तुम्हालाही करता येईल. १ मीटर उंचीच्या टेबलावरून वस्तू पडली, तर जमिनीशी पोचताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. हा सगळा वेग तिला कुठेतरी गमवावा लागतो. कडक फरशीवर ती १ मिलिमीटरच्या आत थांबली असे समजू. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेले अंतर, म्हणजे १००० भागिले १, असा भागाकार केला, की उत्तर येते १०००. थांबताना वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो, असा त्याचा अर्थ. आता तेच घड्याळ मऊ उशीत बसवले आणि थांबायला २ सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिमीटर मिळाले, तर जोर भरतो फक्त ५० पट. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, त्यातले तत्त्व हेच.

मात्र उशी जितकी मऊ तितकी बरी, असे समजू नका. फार मऊ उशी पहिल्याच क्षणी पूर्ण दबते, आणि घड्याळ तळाच्या फळीवर आपटते. चांगली उशी हळूहळू, पण शेवटपर्यंत दबत राहते. बाहेरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात ज्या पन्हाळीसारख्या घड्या दिसतात, त्यांचे कामही हेच. त्या घड्या स्वतः चेपतात आणि आतल्या वस्तूला थांबायला अंतर मिळवून देतात. कोपरा चेपलेले खोके पाहून ग्राहक नाक मुरडतो. खरे तर त्या कोपऱ्याने आपले काम चोख केलेले असते.

पेटीचे हे काम ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतले ते लोक मखमलवाले नव्हते, दर्यावर्दी होते. भर समुद्रात आपण कोणत्या रेखांशावर आहोत हे कळायला घरच्या बंदराची वेळ बिनचूक माहीत असावी लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्तावर याचा अर्थ असा, की घड्याळ १ सेकंद चुकले, तर जहाजाची जागा सुमारे ४६० मीटरनी चुकते. घड्याळ मिनिटभर चुकले, तर चूक २७ किलोमीटरपेक्षा जास्त होते, आणि तेवढ्यात खडक कुठे असेल ते सांगता येत नाही. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने यासाठी बनवलेले चौथे घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर पाठवले गेले. ते एका पेटीत गादीवर ठेवलेले होते, आणि कोणी लबाडीने काटे फिरवू नयेत म्हणून त्या पेटीला चार कुलपे होती. चारांच्या किल्ल्या चार वेगवेगळ्या माणसांकडे! चौघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. ८१ दिवसांच्या प्रवासात ते घड्याळ अवघे ५ सेकंद मागे पडले.

पुढे अशा घड्याळांना क्रोनोमीटर हे नाव रुळले आणि त्यांच्या पेटीचे रूपही ठरून गेले. पेटी महोगनी लाकडाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. आत एका पितळी कड्यात घड्याळ टांगलेले, आणि ते कडे पेटीत टांगलेले. दोघांचे आस एकमेकांशी काटकोनात. त्यामुळे जहाज पुढे-मागे डुलो की उजवी-डावीकडे कलो, घड्याळाची तबकडी आकाशाकडेच तोंड करून राही. वरच्या लाकडी झाकणाखाली काचेचे दुसरे झाकण असे, म्हणजे खारी हवा आत न घेता वेळ पाहता येई.

एवढ्यानेही कॅप्टन फिट्झरॉयचे समाधान झाले नाही. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. चार्ल्स डार्विन याच जहाजावर होता. फिट्झरॉयने सोबत एक-दोन नव्हे, २२ क्रोनोमीटर घेतले. जहाजाच्या एका लहान खोलीत फळ्यांवर खण पाडले, प्रत्येक पेटीच्या खाली आणि बाजूंनी सुमारे साडेसात सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा भरला, आणि पेट्या त्यात रुतवून ठेवल्या. मग त्याने या व्यवस्थेची परीक्षा घेतली, आणि मला ती सगळ्यांत आवडते. घड्याळाच्या काचेवर त्याने बारीक पूड भुरभुरवली. वर माणसे धावत असताना, तोफा उडत असताना, नांगराचे साखळदंड खडखडत बाहेर पडत असताना तो भिंगातून त्या पुडीकडे पाहत बसे. पूड हलत नसे! सफरीच्या शेवटी २२ पैकी ११ घड्याळे चांगली चालू होती. पूर्ण प्रदक्षिणेत वाटेतल्या ठिकाणांमधल्या वेळांच्या फरकांची बेरीज बरोबर २४ तास यायला हवी होती. ती फक्त ३३ सेकंदांनी जास्त आली. त्या भुशाला किती पैसे पडले असतील? जवळजवळ काहीच नाही.

हे झाले धक्क्याचे. आता पेटीतल्या हवेकडे वळू. यासाठी एक सोपा प्रयोग करा. घरातली चांदीची एखादी जुनी, वापरात नसलेली वस्तू मोठ्यांना विचारून घ्या. तिच्यावर साधा रबरबँड ताणून बसवा आणि डबीत बंद करून काही आठवडे ठेवून द्या. रबर जिथे टेकलेले होते तिथे काळसर रेघ उमटलेली दिसेल. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळतात. ते चांदीशी संयोग पावते आणि काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. लोकरीतही गंधक असते. म्हणून लोकरीच्या फेल्टचे अस्तर लावलेली उबदार, सुंदर पेटी चांदीच्या घड्याळाला हळूहळू काळे करते. पेटी जितकी घट्ट बंद होईल तितके हे वायू आत साठतात!

लाकडाचाही भरवसा नाही. ओकच्या लाकडातून व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची वाफ सतत थोडी थोडी सुटत असते. ओकच्या कपाटात ठेवलेल्या शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी चढते, इतकेच काय, शिंपल्यांवरही चढते. संग्रहालयांना याचा फार त्रास होई. यावर ब्रिटिश म्युझियममधले शास्त्रज्ञ अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक परीक्षा सुचवली. पेटीला वापरायचे कापड, लाकूड किंवा डिंक यांचा छोटा नमुना काचेच्या बंद नळीत घालायचा. सोबत थोडे पाणी, आणि चांदी, तांबे व शिसे यांचे एकेक चकचकीत तुकडे. नळी ६० अंश सेल्सिअस तापमानाला २८ दिवस ठेवायची. चांदी गंधकाची चहाडी करते, शिसे आम्लांची, आणि तांब्यावर क्लोराइडसारख्या इतर उपद्रवी पदार्थांचा डाग पडतो. तिन्ही तुकडे स्वच्छ राहिले, तर माल पास! ऑडी परीक्षा म्हणून ती आजही जगभर वापरतात. आजच्या पोलादी, घट्ट झाकणाच्या घड्याळांना या वायूंचे भय कमी आहे, हे खरे. पण आजोबांचे चांदीचे खिशातले घड्याळ अशा पेटीत असेल, तर ते बाहेर काढलेले बरे.

तिसरा पाहुणा म्हणजे पाण्याची वाफ. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मुलांना हे सांगायला नको. पावसाळ्यात घराची दारे फुगून चौकटीत अडकतात. लाकूड रेषांच्या दिशेने फारसे वाढत नाही, पण रेषांना आडवे चांगलेच फुगते. सरळ फळ्यांची पेटी त्यामुळे वाकते, तिच्यावरच्या रोगणाला तडे जातात. म्हणून पुष्कळ भारी पेट्यांत आतून दाबून बनवलेल्या भुशाची फळी असते, आणि वर फक्त सुंदर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. ही लबाडी नव्हे. दाबलेल्या भुशात रेषाच नसल्याने फळी लांबी-रुंदीत सारखीच वागते. मात्र तिच्यातल्या चिकट राळेतून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, म्हणजे एक दुखणे काढताना दुसरे यायचा संभव असतो.

पेटीतले खोटे चामडे तर दमट हवेत हमखास दगा देते. त्यावरचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. त्याच्या काही जातींत वाफेमुळे लांबलचक रेणूंचे तुकडे पडतात. याला जलीय विच्छेदन म्हणतात. दहा-पंधरा वर्षांनी पेटी उघडावी, तर अस्तराचे पापुद्रे सुटलेले आणि उशीतला फोम चिकट झालेला, तोही घड्याळाला चिकटलेला! पेटीत टाकलेली सिलिका जेलची पुडी वाफ शोषते. तिच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरते. पण पुडी एकदा भरली, की तिचे काम संपले. ती तापवून पुन्हा कोरडी करावी लागते, हे कोणी ग्राहकाला सांगत नाही.

आता राहिला चुंबक. झाकण मिटताना ‘टप्’ असा गोड आवाज यावा, म्हणून हल्ली पेटीच्या कडेत छोटे, पण जोरदार चुंबक लपवतात. घड्याळाची बारीक पोलादी स्प्रिंग चुंबकित झाली, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, आणि घड्याळ भलतेच पुढे धावू लागते. म्हणून काही कंपन्यांनी घड्याळाच्या यंत्राभोवती मऊ लोखंडाचे आवरण घालायला सुरुवात केली. चुंबकीय रेषा त्या लोखंडातून वळसा घालून जातात आणि यंत्र बचावते. रोलेक्सने १९५६ साली काढलेल्या अशा घड्याळाचे नावच ‘मिलगॉस’ होते. फ्रेंच भाषेत ‘मिल’ म्हणजे हजार, आणि गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक. चुंबकापासून दूर पळण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, आणि तिथल्या इमारतीत लोखंड वापरले गेले नाही.

तुमच्या घरी चुंबकी झाकणाची पेटी असेल, तर घड्याळाच्या जागी होकायंत्र ठेवा आणि झाकण हळूहळू खाली आणा. सुई वळेल. वळली म्हणून घाबरू नका. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.४ गॉस असते आणि तेवढ्यालाही सुई मान देते. साध्या चुंबकरोधी घड्याळाला मात्र ६० गॉसपर्यंत काही होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिवाय छोट्या चुंबकापासून अंतर दुप्पट केले, की त्याचा जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून उशीवरचे घड्याळ बहुधा सुखरूप असते. पण पेटी बंद करून घड्याळ वर, झाकणाच्या कडेपाशी ठेवले, तर ते चुंबकाच्या थेट डोक्यावर बसते. असे घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर ते घड्याळजीकडे न्यावे. प्रत्यावर्ती विजेच्या वेटोळ्याजवळ धरून ते हळूहळू दूर नेले, की काही सेकंदांत त्याचे चुंबकत्व उतरते.